लावणी आटपली आणि कंबर धरली: कोकणातल्या कंबरदुखीबद्दल

निगडी
४ ऑगस्ट, रात्री ९:१०

मी इथे 'निगडी' या नावाने लिहिते, रत्नागिरी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. श्रावण लागला की दवाखान्यात येणारी माणसं बदलतात. भाताची लावणी आटपलेल्या बायका येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती उघडली की पाठोपाठ खलाशी यायला लागतात. दोघांचं गाऱ्हाणं एकच: कंबर धरलीय, वाकवत नाही, आणि वाकलं तर उठवत नाही.

कारणही बरंचसं एकच आहे. या शरीरांना कष्टांची सवय असते, एकदम वाढलेल्या कष्टांची नसते. मे महिन्यात ओणव्याचं काम बेताचं असतं. मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा आणि पुढचे कित्येक दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकून राहायचं. पूर्वी एका चोंढ्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, दहा-बारा बायका असायच्या. आता गावात माणूसच उरलं नाही, तिघी-चौघी मिळून तेवढीच जमीन लावतात. खलाशीही दोन महिने घरी असतो आणि पहिल्याच फेरीला जाळी ओढतो.

पूर्ण वाकून बराच वेळ राहिलं की पाठीचे स्नायू जवळजवळ काम सोडतात. भार येतो तो मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर आणि मधल्या गाद्यांवर. हे बंध हळूहळू ताणले जातात आणि उभं राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत, त्यांना काही मिनिटं द्यावी लागतात. म्हणून पुष्कळदा उसण भरते ती रोप लावताना नव्हे, बांधावर येऊन लगेच तरव्याचा भारा उचलताना.

लावणी चालू असताना कधी नीट बघा. काही बायका डाव्या हातात तरव्याची मूठ धरून ते कोपर मांडीवर टेकवतात आणि उजव्या हाताने रोपं खोवत मागे सरकतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं. त्या एका कोपरामुळे कमरेवरचा बराच भार मांडीवर उतरतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हे दाखवते. ओळ संपली की बांधावर उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं, चार पावलं चालायचं आणि मगच भाऱ्याला हात घालायचा.

पण धागा काढायचं खरं कारण पुढे आहे. बाई समोर बसतात आणि पिशवीतून आधी एमआरआयची फाईल काढतात. "मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय, शिर दबलीय, आता मी कायमची गेले." कमरेने त्यांना दोन दिवस झोपवलेलं असतं, त्या कागदाने दोन महिने झोपवलेलं असतं. याचा मला फार त्रास होतो.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसली ती विशीतल्या ३० टक्क्यांत, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत. आणि ही सगळी धडधाकट, न दुखणारी माणसं! रिपोर्टात लिहिलेलं खोटं नसतं, पण जे दिसतंय तेच दुखतंय हे नुसत्या रिपोर्टावरून ठरत नाही. त्यासाठी माणसाला हात लावून तपासावं लागतं, पाय उचलून बघावा लागतो, कुठे बधीर आहे ते विचारावं लागतं.

कंबरदुखीच्या दहातल्या साधारण नऊ जणांत दुखण्याचं नेमकं एक ठिकाण दाखवता येत नाही. नव्याने धरलेली कंबर बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत बरीच सुटते. ती सुटायला झोपून राहणं उपयोगी पडत नाही. फिनलंडमध्ये १९९५ साली कंबर धरलेल्या कामगारांचे तीन गट केले होते: एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला झेपेल तसं रोजचं काम. तिसरा गट सगळ्यांत लवकर सुधारला.

तुमच्याकडे काय काम असतं, काय दुखतं, काय केलं, ते लिहा. मला माहीत आहे तेवढं मी सांगेन.

चाकरमानी_डोंबिवली
४ ऑगस्ट, रात्री ११:३५

ताई, आई ६१ वर्षांची, राजापूर तालुक्यात गावच्या घरी एकटी असते. लावणी संपता संपता कंबर धरली आणि आता उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, गादी सरकून शिर दबल्याचं आलंय. ज्यांना दाखवलं त्यांनी सांगितलं, यापुढे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, नाहीतर पाय लुळा पडेल. तेव्हापासून ती खाटेवरून उठत नाही. शेजारची वहिनी डबा देते. जिने आयुष्यभर कुणाच्या हातचं आयतं खाल्लं नाही ती फोनवर "माझं आता काय राहिलंय" म्हणून रडते.

भाऊ म्हणतो मुंबईला आणून ताबडतोब ऑपरेशन करू. मामा म्हणतात मणक्याला हात लावला की माणूस संपला. मी काय करू?

निगडी
५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

दादा, आज आईंना फोन करून एवढं विचारा. लघवीला साफ होते का, अडते किंवा नकळत होते का? शौचाची जाणीव नीट आहे का? बसताना जो भाग जमिनीला टेकतो तिथे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बधीर लागतं का? दोन्ही पायांतली ताकद गेलीय का? यातल्या एकालाही हो असेल तर पुढचं वाचू नका. गाडी करा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. शेपटाकडच्या नसांचा जुडगा दबल्याची ती खूण असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

नसेल तर वहिनींना पुढचं करून बघायला सांगा. आईंनी भिंतीला हात लावून टाचांवर चालायचं, मग चवड्यांवर. उजव्या पायाचा अंगठा वर उचलून धरायचा आणि वहिनींनी तो बोटाने खाली दाबायचा. दोन्ही अंगठ्यांचा जोर सारखा आहे का? चालताना उजवी चप्पल पायातून निसटते का? पंजा खरोखर पडत असेल तर सर्जनला लवकर दाखवायला हवं.

हे सगळं ठीक असेल आणि त्रास नुसत्या कळेचा असेल, तर घाई करू नका. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू जिरवून टाकतं. सगळ्यांत असं होत नाही, पण पुष्कळांत होतं. मामांना आणि भावाला मिळून एकच सांगा. नेदरलँड्समध्ये २००७ साली अशाच, पायात जोरदार कळ जाणाऱ्या २८३ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना थांबवून ठेवलं. शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. पण वर्ष संपताना दोन्ही गटांत ९५ टक्के लोकांना बरं वाटत होतं. म्हणजे ऑपरेशन हा सर्वनाशही नाही आणि सक्तीही नाही. कळ सोसवत नसेल, दीड-दोन महिन्यांनंतरही हटत नसेल, तर तो चांगला मार्ग आहे.

"पाय लुळा पडेल" हे वाक्य मात्र आईंच्या मनातून काढायला हवं. वाकल्याने लुळं पडत नाही. आज खाटेवरून उठून पडवीत दोन फेऱ्या, दुपारी पुन्हा दोन. कळ थोडी वाढली तर घाबरायचं नाही, पायातली कळ वर कमरेकडे सरकायला लागली तर ती सुधारणा समजायची. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये.

रापणकार
५ ऑगस्ट, दुपारी २:०५

ताई, तुमी लिवलास तां अगदी खरां. मी मालवणचो, आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूचां मोठां जाळां. पावसाचे म्हयने घरात बसान जातत आणि नारळी पुनवेक दर्यात नारळ पडलो की दोर धरूचो. ओल्या वाळूत टाचो रोवून, मागे झुकान दोर ओढूचो लागता. पायाखालची वाळू सरकली की कंबरेक असो हिसको बसता, काय सांगू! सुरवातीक आमच्यातल्या कोणा ना कोणाक उसण भरताच. मगे आये पायाळू, म्हणजे पायाकडसून जल्मलेल्या माणसाक बोलवन हाडता, तो पाठीक पाय लावता आणि दोन-तीन दिवसांनी बरां वाटता.

औंदा औषधाच्या दुकानातसून पट्टो हाडलंय. दिवसभर लावन ऱ्हवतंय. काढलो की कंबर सुटल्यासारी वाटता. तो कायम लावचो काय? आणि पायाळूचा खरां काय?

निगडी
५ ऑगस्ट, रात्री ९:४५

रापणकारदादा, उसण बहुतेकांची दोन-तीन दिवसांत आपोआप हलकी होते. पायाळू माणूस येतो, घरातलं कोणी मायेने बोलावून आणतं, पाठीला हलका पाय लागतो, धीर येतो. धीराने आखडलेली पाठ सैल पडते, हे मी रोज बघते. हलक्या हाताने, हलक्या पायाने जे होईल ते होऊ दे. लाथ मारू देऊ नका, पाठीवर कुणाला उभं करू नका. वयस्कर बायकांच्या बाबतीत तर मुळीच नाही, पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेली असतात आणि मणका चेपू शकतो.

पट्टा दोर ओढायच्या वेळेपुरता, पहिले काही दिवस लावा आणि घरी आल्यावर काढून ठेवा. दिवसभर लावला की पट्ट्याशिवाय आपलं चालणारच नाही अशी भीती बसते आणि माणूस हालचाल चोरायला लागतो. त्यापेक्षा पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या महिनाभर आधी तयारीला लागा. रोज संध्याकाळी वाळूत चालायचं. अर्धी भरलेली बादली दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून, कुल्ले मागे काढून उचलायची आणि ठेवायची. आठवड्याने बादली थोडी जास्त भरायची. दोर ओढताना एक पाय पुढे, गुडघे सैल, आणि रापणीतली जागा बदलत राहा, म्हणजे एकाच कुशीवर पीळ पडत नाही.

अबोली
६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

माझं शेतावर काम नाही, पण घरात वाकणं थोडं आहे का? उठल्या उठल्या अंगण झाडायचं, मग विहिरीवरून पाणी, विळीवर बसून मासे कापायचे. सकाळचा पहिला तास सगळ्यांत वाईट जातो. सासूबाई निगडीचा पाला उकळून शेक देतात, त्याने बरं वाटतं. चालेल ना?

निगडी
६ ऑगस्ट, दुपारी १:१५

चालेल. शेकाने स्नायू सैल होतात. पाणी फार कढत नको आणि मधुमेहाने पाय बधीर असतील तर पायांवर शेक नको, भाजलेलं कळत नाही.

सकाळचं तुम्ही अचूक पकडलंत. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात खाली वाकणं त्यांना जड जातं. कामांचा क्रम बदला. आधी चूल, चहा, उभ्याने होणारी कामं, देवाची फुलं काढणं, अंगण तासाभराने. झाडूला लांब दांडा बांधून घ्या. कळशी एका कुशीवर नेण्याऐवजी दोन लहान भांडी दोन हातांत न्या. विळीखाली बसायला बुटका पाट घेतलात तर गुडघे आणि कंबर दोन्ही सुटतील.

सड्यावरून_लॉगिन
६ ऑगस्ट, रात्री १०:२०

वेगळा अनुभव लिहितो, कारण माझ्यासारखी मुलं गावोगावी असतील. वय २९, गुहागरजवळ घरून आयटीचं काम करतो. माझी कंबर विश्रांतीने बरी व्हायची नाही, उलट विश्रांतीनेच बिघडायची. पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची. उठल्यावर तासभर लाकडासारखा ताठ, समुद्रावर चालून आलो की मोकळा. कधी डावा कुल्ला दुखायचा, कधी उजवा. काही वर्षं सगळे एकच सांगत होते: खुर्ची बदल, बसून बसून होतंय. खुर्ची बदलली, गादी बदलली, काही फरक नाही. मग एकदा डोळा लालभडक होऊन दुखायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "कंबर दुखते का रे?"

त्यांनी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा हळूहळू जखडत नेणारा संधिवात. आता औषधं चालू आहेत, रोज पोहतो, कामही नीट चाललंय. आधी कळलं असतं तर ती वर्षं वाचली असती.

निगडी
७ ऑगस्ट, सकाळी ७:४०

हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा देणारी आणि चालल्यावर सैल पडणारी कंबर दिसली की संधिवाततज्ज्ञांना दाखवायलाच हवं. एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी मदत करते, पण ती एकटी निर्णय देत नाही. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधी होतही नाही. कण्याचा खालचा भाग आणि ओटीपोटाचं हाड जिथे जोडलं जातं त्या सांध्याचा एमआरआय जास्त सांगून जातो. लवकर औषध मिळालं तर मणके जखडण्यापासून पुष्कळ वाचवता येतं.

खाडीकाठ
७ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी सिंधुदुर्गात आरोग्य खात्यात क्षेत्रावर काम करतो. ताईंच्या परवानगीने एक गोष्ट इथे ठळक मांडतो, कारण हेच दिवस त्याचे आहेत.

चिखलातून आलेल्या माणसाची कंबर दुखते आणि सोबत ताप आहे, तर ती लावणीची कंबर समजू नका. लेप्टोस्पायरोसिस असाच सुरू होतो. उंदीर, गुरं यांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, ओरखड्यांतून अंगात शिरतात. एकदम ताप, थंडी, डोकं फुटतंय, अंग आणि कंबर मोडून आल्यासारखी, पोटऱ्या दाबल्या तरी दुखतात, डोळे लाल. लोक काय करतात? "लावणीने अंग भरलंय" म्हणतात, दुखण्याचं इंजेक्शन घेतात, ताप उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. हा आजार मूत्रपिंडावर जातो, आणि डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधंही मूत्रपिंडावरच भार टाकतात. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला की वेळ हातातून चाललेली असते.

वेळेत प्राथमिक आरोग्य केंद्रात आलात तर साध्या अँटिबायोटिकने माणूस बरा होतो. दरवर्षी घरोघर सांगत फिरतो, तरी कोणी ना कोणी अंगावर काढतंच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उतरावंच लागलं तर गमबूट घाला आणि डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळीबद्दल केंद्रात विचारा.

निगडी
७ ऑगस्ट, रात्री ९:३०

याला माझी पूर्ण साथ. तापासोबतची कंबरदुखी माझ्याकडे आली तर मी हात लावण्याआधी डॉक्टरांकडे पाठवते. आणखी एक: रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री घाम, आणि मणक्याच्या एकाच ठिकाणी ठणका, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्या देशात तो अजून भरपूर आहे आणि औषधांनी बरा होतो, फक्त कोर्स लांबलचक असतो आणि मध्येच सोडायचा नसतो. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असेल, किंवा झाडावरून, पाखाडीच्या पायऱ्यांवरून पडल्यानंतर कंबर दुखत असेल, तरी घरी बसून वाट बघू नये.

बांधावरचा
८ ऑगस्ट, दुपारी ३:१०

दुखण्यावरचे उपाय चालू द्या, पण वाकणंच कमी करता येतं का ते बघायला हवं. बायकांनी कोपर टेकवायला शिकावं हे ठीक, त्यांना महिनाभर चिखलात उभं करणारी पद्धत आपण का बदलत नाही?

मी चिपळूण भागात शेती करतो. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्राने भात घेतो. गादीवाफे एकदा करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडून त्यात बी टोकायचं. टोकायलाही वाकावं लागतं, ते लपवत नाही. पण पाय घोटाभर चिखलात रुतलेले नसतात, तरवा उपटायचा नसतो, भारे वाहायचे नसतात. तणाचा बंदोबस्त मात्र वेळेवर करावा लागतो, तिथे ढिलाई चालत नाही. घरातल्या बायकांना विचारलं तर त्या एकच सांगतात: आता श्रावणात सण करायला कंबर शिल्लक असते.

लहान कोपऱ्यांना सगळीकडे हे जमेल असं नाही. जिथे जमतं तिथे पुरुषांनी हट्ट सोडावा. लावणीचा चोंढा बघायला हिरवागार सुंदर दिसतो, तो वाकून लावणारी कोण आहे ते बघा.

निगडी
८ ऑगस्ट, रात्री ९:००

तुमचा शब्द न् शब्द पटला. मी दवाखान्यात बसून एकेकीची कंबर सोडवते, तुम्ही ती धरूच नये अशी व्यवस्था केलीत.

याला जोडूनच एक. कंबर किती रेंगाळते हे फक्त मणक्यावर ठरत नाही. झोप, काळजी, एकटेपणा, "हललो तर मोडेल" ही भीती आणि घरातल्या कामाला दुसरा हात नसणं, यांचा दुखणं जुनं होण्याशी जवळचा संबंध आहे. दुखणं मनाचं आहे असं मी म्हणत नाहीय. दुखणं खरंच असतं, पण झोप नसलेल्या, घाबरलेल्या शरीरात ते जास्त तीव्र होतं आणि लवकर जात नाही. मुलगा मुंबईला, नवरा आजारी, गोठ्यात दोन जनावरं, अशा बाईला मी फक्त व्यायामाचा कागद दिला तर तिचं अर्धंच दुखणं ऐकलं असं होईल.

पावसाळी_प्रवासी
९ ऑगस्ट, सकाळी ११:४५

एक गोष्ट स्पष्ट विचारतो. आमच्याकडे डॉक्टर पट्टा देतात, दहा दिवस कंबर ताणायला वजन लावतात, गोळ्या आणि लाल इंजेक्शनं देतात. तुम्ही म्हणता चाला. सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं? आणि नुसतं चालून बरं होत असेल तर दवाखाने कशाला?

निगडी
९ ऑगस्ट, रात्री १०:०५

रास्त प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही हाताने करायचे उपचार, मनाचा ताण हाताळायची मदत आणि गरजेपुरती सूज उतरवणारी औषधं, याला त्यांनी अनुकूलता दाखवली. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावणं आणि अफूजन्य वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं. माझ्या धंद्यातली माणसंही वजन लावतात, यंत्रं लावतात. त्या दहा दिवसांत बरं वाटतं ते पुष्कळदा दहा दिवस गेल्यामुळे. मी स्वतः वजन लावणं बंद केलंय आणि तो वेळ समजावण्यात घालवते.

लाल इंजेक्शन बहुधा बी-१२चं असतं. रक्तात बी-१२ कमी असेल तर ते हवंच. नसेल तर कमरेला त्याचा उपयोग नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या तीव्र दुखण्यात थोडे दिवस कामाला येतात, पण रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर, हृदयविकार यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. बाजारात पुडीतून मिळणारं, नाव नसलेलं "वाताचं औषध" घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस जादू होते, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आणि चालणं ही मला सुचलेली गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकती उठलेली माणसं होती ती. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणं वाढवून दिलं, सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा अर्धा तास. बाकीच्यांना काही दिलं नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची धरायला २०८ दिवस लागले. दवाखाना लागतो तो कुणाला चालायला सांगायचं आणि कुणाला आधी थांबवून तपासायचं, हे ठरवण्यासाठी.

चाकरमानी_डोंबिवली
२४ ऑगस्ट, रात्री ९:५५

ताई, तुम्ही सांगितलेलं सगळं वहिनींनी त्याच दिवशी करून बघितलं. लघवी-शौच व्यवस्थित, दोन्ही अंगठ्यांना सारखा जोर. मग मीच चार दिवस रजा टाकून गावी गेलो. पहिल्या दिवशी पडवीत फेऱ्या मारतानाही तिने माझा हात सोडला नव्हता. आता ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत एकटी जाऊन येते. पोटरीतली कळ गेली, कुल्ल्यात थोडी उरलीय. काल स्वतः भाकऱ्या थापल्या आणि वहिनींना डबा दिला.

आता तिचा नवा हट्ट: कापणीला उतरणार. घरचे सगळे नको म्हणतात. तुम्ही काय म्हणता?

निगडी
२५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

वाचून फार बरं वाटलं! वहिनींना माझा नमस्कार सांगा, तपासणी त्यांनीच केली.

उतरू दे त्यांना. पण आतापासून तयारी हवी. देवळाचं जाणं-येणं चालूच ठेवायचं, दर आठवड्याला थोडं पुढे. उद्यापासून पाटावर बसणं-उठणं, हात न टेकता, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कुल्ले उचलून पाच अंक धरायचे, तेही दहा वेळा. दोन आठवड्यांनी अर्धी कळशी उचलायला सुरुवात, बादलीचं रापणकारांना सांगितलं तसं. कुल्ल्यातली कळ करताना थोडी वाढली आणि रात्रीपर्यंत उतरली तर चालेल. दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर आकडा निम्मा करायचा, बंद नाही करायचं.

हळवं भात आधी तयार होतं, त्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी अर्धाच तास कापणी, एक गुडघा टेकून किंवा कोपर मांडीवर ठेवून, आणि तेही सकाळचा पहिला तास गेल्यावर. मग उठून पेंढ्या बांधणं, पुन्हा थोडी कापणी. दोन दिवस ठीक गेले तर तास करा. उशिरा तयार होणाऱ्या गरव्या भातापर्यंत त्या तुम्हाला मागे टाकतील.

भारे डोक्यावर घेणं आणि झोडणी या वर्षी भावाकडे द्या, त्यासाठी त्याने रजा काढावी. अंगठ्याचा जोर दर रविवारी बघत राहा. तो कमी वाटला किंवा कळ पुन्हा पोटरीखाली उतरली, तर कापणी तिथेच थांबवून आधी दाखवायला आणा.